नो, युअर ऑनर

कॅनडात आल्यापासून मी एकच उत्तर घोटलंय: नो. व्हिसा, पीआर, सिटिझनशिप, कुठलाही फॉर्म घ्या. कधी अटक झाली? नो. काही लपवलंय? नो. सरकारी माणसाने विचारलं की तोंडातून आपोआप नो निघतं. खुनाच्या खटल्यात निकाल देणाऱ्या बारा नागरिकांची ज्युरी निवडताना जजने मला शपथेवर विचारलं, या केसबद्दल जे ऐकलंत त्याने, किंवा आरोपीच्या वंशामुळे, तुमचा निर्णय झुकेल का? तेव्हाही मी ताठ उभी राहून म्हटलं, "नो, युअर ऑनर."

धडधडीत खोटं! आमच्या ब्रॅम्पटन शहरात ही केस ठाऊक नाही असं घर नव्हतं. ड्राइव्हवेतून गाडी चोरायला आलेल्यांना अडवताना आपल्याकडचा एक माणूस बायकोदेखत मारला गेला होता. आमचीही गाडी त्याच हिवाळ्यात गेली होती. पकडलेल्या काळ्या तरुणाचा फोटो आला, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपवर सगळ्यांत आधी मीच लिहिलं होतं, "चेहऱ्यावरूनच कळतंय. लटकवा मेल्याला." भराभर अंगठे आले. इथे फाशी नाही, हे कुणीतरी मागाहून सांगितलं.

खरं बोलले असते तर पाच मिनिटांत घरी पाठवलं असतं. पण एवढ्या लोकांसमोर, रेकॉर्डवर, हो, माझं मन गढूळ आहे, असं म्हणायचं? नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, "उगाच काही कबूल करू नकोस, पुढे नडेल."

बंद खोलीत काय झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. सगळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते. बारा जणांचं एकमत व्हावं लागतं. चार दिवस झालं नाही. जजने समजावून परत आत पाठवलं, तरी नाही. शेवटी आमचे आभार मानून आम्हाला सोडून दिलं. आता खटला पुन्हा पहिल्यापासून. त्या माणसाच्या बायकोने साक्षीत एकेक घाव सांगितला होता, मध्येच थांबत, पाणी पीत. एकदा सांगितलं की सुटले, असं तिला वाटलं असणार. ज्युरीचं एकमत झालंच नाही हे ऐकून ती बाकावर तशीच बसून राहिली. आरोपीही निकालाविना परत कोठडीत गेला.

मला स्वतःची चीड येते. माझ्या खुर्चीत स्वच्छ मनाचं कुणी असतं तर निकाल इकडे लागला असता की तिकडे, की लागलाच नसता, देव जाणे. पण तसं माणूस मिळण्याचा त्या दोघांचाही हक्क होता, आणि तो मी मारला.

परवा ग्रोसरीत त्या माणसाची बायको समोर आली. भेंडी निवडत होती. मला ओळखून तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "फिर से सब बोलना पड़ेगा, बहनजी. पिछली बार तो हिम्मत थी. आपको देखकर लगता था, अपना कोई तो बैठा है."

मी हात सोडवून घेतला.