कढईपुढचा विग

महादेवी अक्कांनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली आणि मला सटासट शिंका सुरू झाल्या. आतून विग पडला. मीच दिलेला, अजून महिनाही झाला नव्हता. पुढचे केस करपून त्यांच्या गाठी झाल्या होत्या, आणि सगळ्या विगला भाजलेल्या मिरचीचा उग्र खाट.

"काय केलंत ह्याला?"

"काय न्हाय. वाफ लागली जरा."

"वाफेनं असं होत नाही, अक्का."

सोबत आलेली त्यांची सून रूपा पंख्याकडं बघत बसली.

राजारामपुरीत माझं विगचं दुकान आहे. आधी ब्यूटी पार्लर होतं. गिऱ्हाईक बहुतेक केमोनं केस गेलेलं. आयुष्यात विगचा विचार न केलेली ही माणसं असतात, आणि पहिला विग घेताना एक चूक हमखास करतात. आत्ताच्या वयाचे केस मागत नाहीत, लग्नाच्या फोटोतले मागतात. अक्कांनीही तेच केलं होतं. पन्नाशी उलटलेली बाई, म्हणाली काळेभोर पाहिजेत, दाट पाहिजेत, वेणी कमरेपर्यंत आली पाहिजे. मी म्हटलं, इतकी density नको. Density म्हणजे केसांचा दाटपणा. वयाला शोभला नाही तर लांबूनच कळतं की टोप घातलाय. पण त्यांनी आरशात वेणी पुढं घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि विषय संपला.

तो विग synthetic होता, म्हणजे प्लॅस्टिकच्या धाग्याचा. हलका, चकचकीत, खिशाला परवडणारा. धुऊन वाळवला की पुन्हा होता तसा बसतो. फक्त आच सोसत नाही, वितळतो. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा ठरलेला प्रश्न असतो, तो मी अक्कांनाही विचारला होता. गॅसपाशी, चुलीपाशी काम असतं का? अक्का म्हणाल्या होत्या, "सून करत्या की सगळं." तेव्हाही रूपा पंख्याकडंच बघत होती. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"खरं सांगा, चुलीपाशी कोण असतं?"

"चटणी करतो ताई आम्ही. कसबा बावड्यात कुणालाबी इचारा."

कांदा-लसूण चटणी. उन्हाळा तोंडावर आला की बायका वर्षाची मिरची घेऊन अक्कांच्या अंगणात येतात. मिरची, कांदा, खोबरं, मसाले, सगळं चुलीवरच्या मोठ्या कढईत भाजायचं, मग गिरणीतल्या डंकावर कुटून आणायचं. आणि भाजायचं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. आपल्या मिरचीत दुसऱ्याची मिसळली नाही ना, तेल कमी घातलं नाही ना, हे बघत बाई शेजारी पाट टाकून बसते. आमच्याकडं ही रीतच आहे. त्यामुळं आत लपून काम करायची सोय नाही.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर ही वेणी दिली असतीसा काय?"

"नसती दिली."

"म्हणून न्हाय सांगितलं."

मला राग आला. असल्या प्रामाणिक खोटेपणाला काय उत्तर द्यायचं? मग त्यांनी खरं कारण सांगितलं. आजाराचं गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. बहिणीकडं गेल्यात, एवढंच रूपानं सांगितलं होतं. "कळलं तर माझ्या हातची चटणी कोण खाईल?" अक्का म्हणाल्या. मी म्हटलं, कॅन्सर हातातून पसरत नाही. "ते डॉक्टरला म्हाईत हाय. गिऱ्हाइकाला न्हाई. घरात बसून मी काय करू, ताई? मला दुसरं येतंय काय?"

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ह्यूमन हेअर काढला, माणसाच्या खऱ्या केसांचा. महाग असतो, निगाही जास्त लागते, पण ताप बरा सोसतो. खांद्यापर्यंतचा, विरळ, मध्ये थोडे पांढरे. मागं छोटा अंबाडा घातला. आरशात बघून अक्का म्हणाल्या, "ही तर मीच हाय." आवाजात नाराजी होती.

मग मी स्टूल मध्ये ठेवलं आणि त्यांच्या हातात माझी छत्री दिली. "ही कढई, हा उलथना. भाजा."

अक्कांनी पदर खोचला आणि मन लावून छत्री फिरवायला घेतली. रूपा पहिल्यांदाच हसली. वाकल्या, तरी विग जागेवर. मान वळवली, जागेवर. मग त्यांनी पदराचं टोक धरलं आणि कपाळावरून वर, पार टाळूपर्यंत घाम पुसला. एका झटक्यात विग मागं, मानेवर. पुन्हा घातला, आतली पट्टी आवळली. पुन्हा तेच. घाम पुसून पुसून हाताला ती सवयच लागली होती, ती काय आता बदलणार?

"अक्का, हा विग लग्नाला घाला, बाजारात घाला. कढईपाशी सुती टोपी आणि वरून रुमाल."

"रुमाल बघितला की इचारणार." त्यांनी विग पिशवीत घातला आणि निघाल्या. मला वाईट वाटलं, पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

रविवारी मी मिरची घेऊन त्यांच्या अंगणात गेले. खरं तर चटणी निमित्ताला होती. माझ्याआधी नंबर होता आत्यांचा. सगळा बावडा त्यांना आत्याच म्हणतो. आत्यांना कळलं की गावाला कळलं. त्या पाटावर बसलेल्या, आणि समोर अक्का, नवा विग घालून. रुमाल नाहीच.

कांदा तांबूस व्हायला लागला. अक्कांच्या कपाळावर घाम आला. हात पदराकडं गेला आणि मध्येच थांबला. घाम डोळ्यांत उतरला तरी त्या तशाच परतत राहिल्या. कांदा एका बाजूनं लागला. आत्यांनी नाक वर केलं. "महादेवे, करपलं की गं. ध्यान कुठं हाय तुझं?"

अक्कांनी उलथना ठेवला. दोन्ही हातांनी विग उचलला आणि रूपाकडं दिला. "धर गं. नवा हाय, धूर लागंल." मग पदरानं अख्खं डोकं खसाखसा पुसलं आणि आत्यांकडं बघून म्हणाल्या, "केमो झाला, आत्या. केस गेलं. हात हाय तसं हाईत. करून घ्यायची नसंल तर मिरची न्या."

आत्यांनी वाकून कढईत बघितलं.

"मागल्या साली माझ्या चटणीत ह्यो एवढा लांब केस निघालता," आत्या म्हणाल्या. "औंदा न्हाई निघायचा. करपलेलं बाजूला काढ आणि मीठ बेतानं घाल."

अक्कांनी मान खाली घातली आणि करपलेला कांदा वेचायला लागल्या. डोळे पुसले ते धुरानं की कशानं, मी विचारलं नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात पहिला विग घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी आरसा दाखवत नाही. घाम पुसून दाखवा म्हणते. चेहऱ्याचा आकार, रंग, density, सगळं त्यानंतर.

अक्कांचा विग गेल्या आठवड्यात धुवायला आला होता. नाकाशी धरून बघितला. अत्तराचा वास होता, कुठल्यातरी लग्नातला. धुराचा अजिबात नव्हता.