मागचे आणि पुढचे

अप्पा सिग्नलच्या केबिनमध्ये लागले तेव्हा त्या मार्गावर रूळ दोनच होते आणि गाड्याही मोजक्या. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. पुढच्या स्टेशनाच्या केबिनला फोन लावायचा, "गाडी घेता का?" विचारायचं, आणि तिकडून "घेतो, सोडा" आलं की मगच लिव्हर ओढून सिग्नल द्यायचा.

पलीकडच्या माणसाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. ते त्याला 'पुढचे' म्हणत आणि तो त्यांना 'मागचे'. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात दोघांच्या गप्पा चालत. पुढच्यांची गुडघेदुखी, मोठ्या मुलीचं लांबलेलं लग्न, साहेबाची नक्कल, सगळं अप्पांना ठाऊक.

"या की एकदा घरी," पुढचे म्हणत.

"येतो, येतो. लांब का आहे?"

लांब नव्हतंच. गाडीत बसून घाम पुसेपर्यंत पुढचं स्टेशन यायचं. पण एकाला सुट्टी असली की दुसऱ्याची पाळी, आणि जाणं राहून जायचं ते राहूनच गेलं.

अप्पांची बायको गेली तेव्हा पुढच्यांनी धीर देण्याचा घोळ घातला नाही. "गाडी घेतो, सोडा," म्हणाले, आणि जरा थांबून, "जेवलात का?" त्यानंतर ते रोज विचारत. अप्पांचा मुलगा परगावी नोकरीला. विचारणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

शहर फुगत गेलं. माळावर इमारती उठल्या, रूळ दोनाचे चार झाले, गाडीमागून गाडी धावू लागली. मग सगळे सिग्नल एका मोठ्या खोलीतून, पडद्यावर बघून चालवायचं ठरलं. दोन्ही केबिन एकाच दिवशी बंद झाल्या. पुढचे काहीतरी सांगत होते, तेवढ्यात कारागिराने अप्पांच्या फोनची तार काढली. तोडणाऱ्याला काय ठाऊक? अप्पा रिसीव्हर कानाला धरून उभेच राहिले.

निवृत्तीनंतर घर खायला उठायचं. एका सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि पुढचं स्टेशन गाठलं. जुने केबिनवाले कुठे राहतात, असं विचारत विचारत घर सापडलं. आत ही गर्दी! सुना, नातवंडं, कोणी रडतंय, कोणी भांडतंय. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक बारीकसा माणूस गप्प बसलेला.

"मी मागचे," अप्पा म्हणाले.

तो माणूस ताडकन उठला. मग दोघंही अवघडले.

"कोण हो हे?" पुढच्यांच्या बायकोने विचारलं.

"कामावरचे."

चहा आला. अप्पांनी गुडघ्याचं विचारलं, "बरा आहे" एवढंच उत्तर मिळालं. तासन्‌तास बोलणारा हाच का तो, असं अप्पांना वाटून गेलं.

पुढचे त्यांना स्टेशनापर्यंत पोचवायला आले. फलाटाच्या टोकाला, माणसं मागे पडल्यावर अप्पांनी विचारलंच, "घरी कधी माझं नाव काढलं नाहीत?"

"नाही." पुढचे रुळांकडे बघत राहिले. "रागावू नका. घरात माझं म्हणून काही राहत नाही हो. चष्मासुद्धा नातू पळवतो. तेवढं एक माझं होतं. कोणाला द्यावंसं वाटलं नाही."

अप्पांना वाटायचं, एकटे आपणच. भरल्या घरातला हा माणूसही त्याच पंगतीला बसला होता. गाडी आली. पुढच्यांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अप्पा पुन्हा तिकडे गेले नाहीत. जावंसं पुष्कळदा वाटलं. पण गेलो तर त्या घरात आपणही सगळ्यांचे होऊन बसू, म्हणून मन आवरत राहिले.

त्या भेटीच्या दिवशी मात्र, घरी परतताना, जिन्याशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हटकलं, "नटूनथटून कुठे गेली होती स्वारी?"

"मित्राकडे गेलो होतो," अप्पा म्हणाले. तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग ते कठड्याला धरून वर गेले आणि कुलूप काढून आत शिरले.