एकशेसत्तरचे पेढे

मी निघाले त्या दिवशी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीवर पेढ्यांचा पुडा होता, दोरासुद्धा न सोडलेला. मंठ्याजवळच्या आमच्या गावातून जीपनं जालना, तिथून रेल्वेनं मुंबई आणि मग अमेरिकेचं विमान. जालन्याच्या स्टेशनवर मी म्हटलं, "आबा, आता तरी फोडा की!" तर म्हणाले, "तू आधी पोच. त्यांनी आत घेतलं म्हणून सांग. मंग वाटतो." तोवर पेढे खराब होतील, हे आईनं दहादा सांगून झालं होतं. पण आबा ऐकतील तर शपथ.

गावातल्यांना या पुड्यामागचं माहीत आहे, बाहेर पडलेल्यांसाठी सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी जीआरईच्या गणितात मला एकशेसत्तरपैकी एकशेसत्तर पडले होते. अर्थशास्त्राच्या पीएचडीला बऱ्याच ठिकाणी ही परीक्षा मागतात. आबांनी स्क्रीनवरचा आकडा बघितला आणि थेट पेढेच आणले. चहाच्या टपरीपासून शाळेपर्यंत वाटले. "पोरगी अमेरिकेला चालली!" त्यांचं तरी काय चुकलं? आपल्याकडं मार्क पडले की नंबर लागतो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मग एकामागून एक नकार आले. सगळीकडून. लोक विचारायचे, "कधी जाऊन राह्यली?" आबांनी टपरीवर जाणंच सोडलं. त्यांचं ते घरात बसणं मला नकारांपेक्षा जास्त लागलं. एकदाच बोलले, "पैकीच्या पैकी पडल्यावर बी घेत न्हाईत? मंग परीक्षा कशाला घेतात?"

प्रश्न बिनतोड होता. रडून झाल्यावर मला त्याचाच नाद लागला. अर्जासोबत पाठवलेला माझा निबंध पुन्हा काढून वाचला आणि कपाळावर हात मारला. तो निबंध कुठला, तहसीलदाराला द्यायचा विनंती अर्ज होता! कष्टाळू कुटुंब, लहानपणापासूनची आवड, आपल्या थोर संस्थेत संधी मिळावी ही नम्र विनंती. खाली 'आपली विश्वासू' तेवढं राहिलं होतं. मला नक्की काय शोधायचंय, याचा पत्ताच नव्हता.

त्या पावसाळ्यानंतर आमचं सोयाबीन निघालं. मंठ्याच्या मार्केट यार्डात यंत्र लावून दाण्यातला ओलावा बघतात आणि त्यावर भाव ठरवतात. गावातला व्यापारी दाणा दाताखाली फोडतो आणि सांगतो. यार्डात भाव बरा, तरी आबा माल गावातच घालायचे. मी विचारलं, असं का? "तुला न्हाई कळायचं," एवढंच उत्तर. मग दुसऱ्या वर्षीचा निबंध मी याच कोड्यावर लिहिला. यार्डातला रोजचा भाव शेतकऱ्यापर्यंत पोचत नसावा, असा माझा अंदाज होता आणि तो कसा तपासता येईल, हेही मांडलं. एका ठिकाणाहून होकार आला.

इथं आल्यावर, प्रवेश समितीवर असलेल्या माझ्या प्रोफेसरबाईंना मी धीर करून विचारलं, मला का घेतलं? त्या म्हणाल्या, गणितात गुण कमी असते तर फाईल बहुधा बाजूला पडली असती, पण उरलेल्या ढिगात सगळ्यांचेच गुण तसे होते. शिफारसपत्रं सगळ्यात जड. निबंध बहुतेक वाचून विसरतो. तुझा तो दाताखालचा दाणा मात्र लक्षात राहिला. माझे गुण दोन्ही वर्षी तेच, पत्रंही त्याच सरांची. बदलला फक्त निबंध. तरी एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये, हे इथं पहिल्याच सेमिस्टरला घोटून घेतात. तेव्हा छातीठोकपणे मी काही सांगत नाही.

तो निबंध मी आबांना कधी वाचून दाखवला नव्हता. न विचारता त्यांच्यावरच लिहिलं, याचा संकोच. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर मराठीत करून वाचला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"बाकी बराबर हाय. पण कारण चुकलं, माय. भाव मला रोज माहीत असतो. यंत्र एकदा बोललं की बोललं, त्याच्याशी भांडता येत न्हाई. गावातल्याला म्हणता येतं, परत चाव, दुसऱ्या पोत्यातला घे."

मी आधी हसले आणि मग मला रडूच आलं. पहिल्या वर्षी मलाही तेच म्हणायचं होतं की, दुसऱ्या पोत्यातला घ्या हो! पण म्हणणार कुणाला?

गाव सुटलं का, असं इथं कुणी विचारलं की पूर्वी मला उत्तर सुचायचं नाही. आता सुचतं. मी चुकले हे जिथून कळतं आणि कळल्यावर बरं वाटतं, ते माझं घर. त्या रात्रीच प्रबंधाचा जुना प्रश्न खोडून मी आबांचा लिहिला: ज्याच्याशी भांडता येतं, त्यालाच शेतकरी माल घालतो का?

त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "मान्य करतील का तुझ्या बाई?"

"माहीत नाही, आबा."

"बरं. मंग पेढे थांबवतो."