‘कळलं नाही’चं बटण

आमच्या शेजारच्या बाई नववीला शिकवतात. त्यांची खिडकी आणि माझी खिडकी समोरासमोर. मी कान लावत नाही, कान आपले तिथेच असतात.

गेले तीन महिने बाई मुलांसाठी ऑनलाइन धडे करत होत्या. विषय एकच, अभ्यास कसा करायचा. आवाज मुद्रित करताना फ्रिजची घरघर येते म्हणून तो बंद ठेवायच्या. दोनदा दूध नासलं. नवरा कुरकुरला, तर म्हणाल्या, "दूध पुन्हा मिळेल, नववी पुन्हा मिळत नाही."

"नापास झालं की मिळते," नवरा म्हणाला. त्या दिवशी त्याला चहा कोराच मिळाला.

प्रत्येक पानाखाली बाईंनी दोन बटणं ठेवली, ‘कळलं’ आणि ‘कळलं नाही’. दुसरं दाबलं की तीच गोष्ट बाई नव्या उदाहरणाने सांगणार. मला म्हणाल्या, "वर्गात ‘कळलं का’ विचारलं की चाळीस जण एका सुरात ‘हो’ म्हणतात, वहिनी. त्या ‘हो’चा अर्थ ‘सोडा आता’ असा असतो."

आधी धडे आमच्या नववीतल्या कन्येवर करून पाहिले. चौथ्या पानावर तिने तीनदा ‘कळलं नाही’ दाबलं. माझ्यापुढे हे शब्द तिच्या तोंडून कधी आले नव्हते. "आई, तू ओरडतेस. बटण ओरडत नाही." घ्या, पोटच्या पोरीचा आहेर.

मग सगळ्या शाळांना धडे पाठवणाऱ्या वरच्या कचेरीतल्या साहेबांशी बाईंची ऑनलाइन बैठक झाली. मी खिडकीत शेंगा निवडत होते.

"मॅडम, धडे छान आहेत. फक्त ते दुसरं बटण काढा. ते दाबलं की आमच्या तक्त्यात लाल दिसतं."

"दिसावं म्हणूनच ठेवलंय, साहेब."

"एकच ठेवू, ‘कळलं’. ते दाबल्याशिवाय पुढचं पान उघडणार नाही. म्हणजे सगळ्यांनाच कळेल."

माझ्या हातात शेंगेचा भुगा झाला. थर्मामीटर फोडायचा आणि ताप उतरला म्हणायचं, अशातली गत. आणि या माणसाच्या हाती शेकडो वर्गांची पोरं.

बाईंचा आवाज मात्र चढला नाही. "तुम्ही धडा पाहिलात ना?"

"पूर्ण पाहिला. कालच."

"चौथ्या पानावर पुस्तक मिटल्यावर काय करायला सांगितलंय?"

तिकडून माउसची टकटक ऐकू आली. मग साहेब म्हणाले, "दप्तरात ठेवायला?"

मी तोंडात पदर कोंबला.

"आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहायला, साहेब. तुमच्या तक्त्यात मात्र तुम्ही हिरवे आहात."

साहेबांना ते झोंबलं. "धडे सोमवारी जातील. त्या बटणाशिवाय."

"मग माझ्या आवाजाशिवायही पाठवा. ज्याला कळलं नाही, त्याला ‘शाब्बास, चला पुढे’ असं मी म्हणणार नाही." आवाज वापरण्याच्या संमतिपत्रावर बाईंनी सही केली नाही ती नाहीच.

सोमवारी मुके धडे गेले. आमच्या कन्येने वेणी घालता घालता अकरा वेळा ‘कळलं’ दाबलं. दुपारपर्यंत कचेरीचा निरोप शाळेत, शंभर टक्के मुलांना कळलं, अभिनंदन. कशाचं अभिनंदन? बोट चालवण्याचं? लाज तरी किती गुंडाळून ठेवावी माणसाने.

बाईंनी मूळचे धडे, दोन्ही बटणांसकट, शाळेतल्या संगणकांवर घातले आणि मधल्या सुट्टीत खोली उघडी ठेवली. पहिल्या दिवशी पाच पोरी आल्या. गुरुवारी बाकं कमी पडली, दुसरं बटणही बरंच दाबलं गेलं. शुक्रवारी कचेरीचं पत्र हजर. विनापरवानगी धडे का दाखवले, खुलासा करा.

मी चार झणझणीत वाक्यं सुचवली. "वहिनी, असलं कागदावर लिहीत नाहीत," बाई म्हणाल्या आणि स्वतःच लिहायला बसल्या. खुलासा दोन ओळींचा झाला.

‘चौथं पान एकोणतीस मुलांना कळलं नव्हतं, म्हणून दाखवले. मुलांची नावं मागू नयेत, मी देणार नाही.’