बारा दारांचं शेत

हॉटेलमालकानं मास्तरांना फसवलं. सौदा माझ्या तोंडानं झाला होता, म्हणून हे मलाच लिहायला हवं.

नव्वद सालानंतर शिवाजी पेठेत मी दुकान टाकलं आणि पाटीवर ‘फर्निचर डिझायनर’ असं रंगवून घेतलं. लोक मिस्त्रीच म्हणायचे. म्हणू देत. लाकडाच्या वखारीत फळ्या उचलण्यापासून मी सुरुवात केली होती.

मास्तर गडमुडशिंगीचे. शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या वेळी आमच्या गावात देवांची, राजांची आणि घरातल्या गेलेल्या माणसांची चित्रं खपायची. मास्तर काढायचे उसाचा पाला पेटवल्यावरची रानं, आणि तीही रानासारखी दिसायची नाहीत. नुसते काळे पट्टे, राखेच्या रेघा, मध्येच एखादी केशरी धग. मला चित्रकलेतलं काही कळत नाही. पण लहानपणी असल्या रानातून मी अनवाणी चाललोय. त्यांचं पहिलं चित्र बघितलं आणि तळपाय भाजले.

त्यांची चित्रं मी दुकानात सोफ्यांच्या वर टांगली. सोफ्याची घासाघीस संपली की गिऱ्हाईक हमखास वर बोट दाखवायचं, “एवढा सोफा घेतलाय, मग वर ते चित्र द्या की!” भाजीवर कोथिंबीर मागावी तसं. एकाला मी दुकानातून हाकलून दिलं. मग डोकं लढवलं. चित्राला पैसे सोडवत नाहीत ना? कपाटाला सोडवतात. मी मास्तरांना कपाटाच्या दारांवर चित्रं काढायला लावली. दारं खपली. आणखी तीन-चार चित्रकार माझ्या दुकानात येऊ लागले. मला माझ्याच हुशारीचा माज चढला.

तेवढ्यात हॉटेलचं काम आलं. बारा खोल्या, बारा कपाटं. मास्तरांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी माझ्या कारखान्यात घालवली. बारा दारांवर मिळून त्यांनी एकच शेत काढलं, उसाच्या लागणीपासून जळलेल्या पाल्यापर्यंत. दारं न्यायच्या आदल्या दिवशी ओळीनं भिंतीला लावली. मास्तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “मिस्त्री, आता मी दुसरं काही काढलं नाही तरी चालेल.” सलग शेत बघितलं ते आम्ही दोघांनीच. फोटो काढायचं सुचलं नाही.

चित्राचे वेगळे पैसे द्यायला मालक तयार नव्हता. मी कागदावर लिहिलं, ‘बारा दारं, रंगकामासह.’ त्याला दारांच्या दर्शनी बाजूला मास्तरांची सहीसुद्धा नको होती. “माझ्या हॉटेलात दुसऱ्याची सही कशाला?” मी तेही सोडलं, सह्या आतल्या बाजूला गेल्या. मास्तरांचा चेहरा उतरला, तेव्हा मालकानं त्यांचा हात हातात घेतला. “मास्तर, चित्राला कुणी बोट लावणार न्हाय. शब्द हाय माझा.” मी साक्षीला होतो.

काही वर्षांनी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मी भेटायला गेलो, तर अंथरुणावरून एकच बोलले, “एकदा सगळी दारं ओळीनं बघायची होती.”

एका दिवसासाठी दारं मागायला मी हॉटेलात गेलो. अंगणात सुतार बसले होते. सात दारांवर पांढरी सनमायका चिकटली होती. पाच भिंतीला टेकून उभी होती.

मालक आला. “गिऱ्हाइकं म्हणत्यात, खोलीत जळाल्यागत वाटतंय.”

“शब्द दिला व्हता तुम्ही!”

“दारं घेतलीत मी, मिस्त्री. कागद बघा की.”

तेव्हा पाच दारं तरी वाचली असती. पाय धरले असते, बदल्यात सागवानी दारं देतो म्हणालो असतो, तर दिली असती त्यानं. आयुष्यभर सौदे केलेला माणूस मी, त्या घटकेला मला सौदा सुचला नाही. पाहुण्यांसमोर, नोकरांसमोर मी त्याची आई-बहीण काढली. तो लाल झाला, सुतारांकडे वळला. “बघत काय बसलाय? उरलेली घ्या. ह्याच्या म्होरंच घ्या.”

सनमायका धरावी म्हणून आधी फळी काचकागदानं घासतात. मीही तसंच करतो. म्हणून मला माहीत आहे की खालून काही निघणार नाही. केशरी भुकटी फरशीवर पडत होती आणि दोन नोकरांनी माझे दंड धरले होते.

पुढच्या भेटीत मास्तरांनी विचारलं, “दारं आहेत ना?”

“आहेत,” मी म्हणालो.

तेव्हापासून दर खेपेला विचारतात, कधी आणणार. आधी म्हणालो लग्नसराई आहे, खोल्या भरल्यात. मग म्हणालो पाऊस उघडू दे. आता सांगायला कारण उरलेलं नाही, आणि गडमुडशिंगीच्या फाट्यावरूनच मी परत फिरतो.

कागद मी लिहिला, शिव्या मी दिल्या. त्याचा जाब मी देईन. पण मालक, मास्तरांचा हात हातात घेऊन शब्द तुम्ही दिला होता. तो हात आता उचलत नाही. गडमुडशिंगीला या, त्यांच्या उशाशी बसा, तोच हात परत हातात घ्या आणि शेत कुठं गेलं ते तुमच्या तोंडानं सांगा.