आडवेरावांची सुट्टी

माझ्या मामाची नोकरी झोपायची. गंमत करत नाहीये. मोठ्या रस्त्यावरच्या गाद्यांच्या दुकानात तो विक्रेता आहे, आणि गिऱ्हाईक आलं की बूट काढून तो गादीवर आडवा होतो. डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो, पाय पोटाशी घेतो आणि सगळा वेळ बोलत राहतो. "बघा, कंबर कुठेही खाली जात नाही." अख्खा बाजार त्याला आडवेराव म्हणतो. मी त्याच दुकानात बिलं करते, त्यामुळे सख्ख्या मामाला मी कायम पायांच्या बाजूनेच बघत आले. त्याच्या मोज्यांची भोकं मामीपेक्षा मला जास्त पाठ आहेत.

आडवं होणं ही कला आहे, असं मामाचं म्हणणं. पडायचं असं, की बघणाऱ्याला जांभई यावी, पण आपला डोळा लागता कामा नये. त्याचा कधीच लागला नव्हता. लोळण्याचा एवढा तोरा मिरवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

एकदा एक आजी दुकानात आल्या. मामा उताणा पडून कंबरेचं महत्त्व सांगत होता. आजींनी चष्मा सारखा केला, मामाच्या पोटावर हलकेच थोपटलं आणि मला विचारलं, "ही उशी गादीबरोबर मिळते का गं?"

मी हसले. हसायला नको होतं, कारण दुसऱ्याच दिवशी मामाच्या डोक्यात व्यायामाचं खूळ शिरलं. सकाळी मैदानाला फेऱ्या, मग दोरीवरच्या उड्या, मग बैठका, आणि संध्याकाळी दुकानातून घरी पळत. मैदानावरच्या प्रशिक्षकांनी त्याला समजावलं, "काका, आठवड्यातून एक दिवस तरी विश्रांती घ्या. अंग त्याच दिवशी भरून येतं."

"विश्रांती मी कामावर घेतो," मामा म्हणाला. "सुट्टीच्या दिवशीही आडवा झालो, तर तो ओव्हरटाइम होईल."

घरी येऊन हे उत्तर त्याने आम्हालाही ऐटीत ऐकवलं. मामीला त्यावर बोलायचं होतं, पण ती मशीनवर लोकांचे पडदे शिवत होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. मामीच्या तोंडात नेहमीच टाचण्या असतात. म्हणून तर त्या घरात भांडणं होत नाहीत.

हळूहळू मामाचं अंग आंबून गेलं. जिना उतरताना तो कठड्याला धरून उलटा उतरू लागला. बूट काढायला मला हाका मारू लागला. काय रे हे, म्हटलं तर म्हणायचा, शरीर तयार होतंय. आणि एका दुपारी, रस्त्याकडच्या काचेतल्या गादीवर, एका नवराबायकोसमोर तो आडवा झाला, म्हणाला, "बघा, कंबर," आणि तिथेच ढाराढूर झोपला. घोरणं असं की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. ते दोघे बिचारे बराच वेळ कुजबुजत उभे राहिले आणि चवड्यांवर चालत निघून गेले. मालकांनी गदागदा हलवलं तेव्हा मामा म्हणाला, "आजी, ती उशी नाहीये."

दुसऱ्या दिवशी मालकांनी बंद पडलेल्या कपड्यांच्या दुकानातून एक पुतळा आणला आणि मामाच्या जागी निजवला. पुतळा उभं राहण्यासाठी घडवलेला, त्यामुळे निजवल्यावर त्याचा एक हात वर आला, मदत मागितल्यासारखा. रस्त्यावरचे दोघं-तिघं आत येऊन काय झालं म्हणून विचारून गेले.

"निदान घोरत तर नाही," मालक म्हणाले. "हे बघा आडवेराव, परवा क्रीडा वसतिगृहाच्या बाई येणार आहेत. सगळ्या मुलींच्या गाद्या बदलायच्यात. त्यांच्यापुढे डोळा लागला, तर हा कायम आणि तुम्ही मोकळे."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला दुसरं काही येतच नव्हतं. नवीन ठिकाणी जाऊन काय सांगणार, मला छान पडता येतं? कितीही चेष्टा केली तरी मामा माझा होता.

संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी जाऊन मी मामीला सगळं सांगितलं. ते ऐकून तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "उद्या सुट्टी आहे ना? उद्या पळायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. गप्प पडून राहायचं."

सुट्टीच्या दिवशी मी गेले तेव्हा मामा घरच्या गादीवर पडला होता. थोड्या वेळाने तो उठून बसला. "अगं, हिच्यात गाठी आहेत."

"हो का?" मामी म्हणाली. मशीन चालूच.

"मधे खड्डा पडलाय. आणि हे टोचतंय काय?"

"किती वर्षं सांगतेय मी."

सांगत होती खरी. पण रात्री मामा पडला की मेल्यासारखा झोपायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गादीकडे फिरकायचाच नाही, कामाची आठवण येते म्हणून. शेवटी तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसला आणि मटार सोलत राहिला. जन्मातली पहिली विश्रांती त्याने अशी घेतली.

बाई आल्या. गळ्यात शिट्टी, चालणं कवायतीचं. मामा आडवा झाला. डावीकडे, उजवीकडे, पाय पोटाशी, सगळं झकास. डोळे टक्क उघडे. मालक खूष, मी खूष. बाईंच्या कपाळाला मात्र आठी.

"त्या दिवशी मी रस्त्याने जात होते," त्या म्हणाल्या. "हेच गृहस्थ काचेत गाढ झोपले होते. माझ्या मुलींना तशी झोप हवी. ती गादी दाखवा."

"हीच ती," मालक घाईने म्हणाले.

"मग आज यांना झोप का येत नाहीये?"

मालक मामाच्या कानाशी वाकले. "झोपा."

आता आली का पंचाईत. मामाने डोळे मिटले, पण पापण्या फडफडत होत्या. मालकांनी दिवे कमी केले, पंखा वाढवला, मला श्वास हळू घ्यायला सांगितलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी मामा उठून बसला.

"बाई, ती झोप गादीची नव्हती. मी एकही सुट्टी न घेता व्यायाम करत होतो. त्या दिवशी दगडावरही झोपलो असतो."

"असं होय," बाई म्हणाल्या. "आमच्या मुलीही रोज सराव करतात. मग त्यांना सर्वांत साधी गादीच पुरेल."

मालकांनी कपाळाला हात लावला.

"रोज?" मामाने विचारलं. "सुट्टी नाहीच?"

"सुट्टी दिली की आळस चढतो."

मामा गादीवरून उतरून बाईंसमोर उभा राहिला. गिऱ्हाइकासमोर उभा असलेला मामा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "मग गाद्या घेऊच नका," तो म्हणाला. "आधी पोरींना आठवड्यातला एक दिवस द्या, आणि त्या दिवशी विचारा गादी कशी आहे. दमलेल्या माणसाला विचारून काय उपयोग? त्याला काहीही चालतं."

बाई काही न घेता गेल्या. मालकांनी पुतळ्याला पुन्हा गादीवर निजवलं आणि मामाला मागच्या गोदामात उशांना खोळी चढवायला बसवलं.

पुढच्या आठवड्यात शिट्टी पुन्हा दारात. बाई मालकांना ओलांडून थेट गोदामात गेल्या. "दिली सुट्टी," त्या मामाला म्हणाल्या. "संध्याकाळी सगळ्या मुली माझ्या खोलीसमोर. गाद्या टोचतात म्हणे. इतक्या वर्षांत एकीने तक्रार केली नव्हती." आणि त्यांनी सगळ्या मुलींसाठी चांगल्यातल्या गाद्या मागवल्या.

पुतळा आता माझ्या टेबलामागे उभा असतो. त्याच्या वर आलेल्या हाताला मी पिशवी अडकवते. मालकांनी मामाला विचारलं, काय हवं ते मागा. मामाने एक गादी मागितली.

ती आम्ही दोघांनी घरी नेऊन अंथरली. मामा सवयीने आडवा झाला. "बघ, कंबर कुठेही..."

"उठा," मामी टाचण्यांमधून म्हणाली. "मला बघू द्या."

मामाने तिच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून घेतल्या. मामी पडली. "जरासं हं, तो पडदा आजच..." एवढं बोलून ती झोपली.

आम्ही उभेच राहिलो. "ही सुट्टी कधी घेते गं?" मामाने हळूच विचारलं. मला आठवेना. त्यालाही आठवेना. त्याचा चेहरा उतरला. त्याने मशीनवर झाकण ठेवलं, मटारची पिशवी घेतली आणि स्टुलावर जाऊन बसला.

"गादी कशी वाटली, ते विचारायचं राहिलं," मी म्हणाले.

"आज नको," मामा म्हणाला. "दमलीय ती."