गिरणी बंद केल्यावरचे नाना

हल्ली गुरुवार हा माझा ऑफिसला जायचा दिवस. बाकीचे दिवस मी घरूनच काम करते. त्या गुरुवारी दुपारी मीटिंग चालू असताना प्रशांतचा फोन आला. मी कापला. लगेच दुसऱ्यांदा आला आणि मी मीटिंगमधून उठले, कारण माझा नवरा लागोपाठ दोनदा फोन करत नाही. "नाना गेले," एवढंच तो म्हणाला. सकाळी मी निघाले तेव्हा ते खुर्चीत बसून चहा पीत होते. छातीत कफ होता, पण तो पंधरा दिवसांपासून होताच... मी "येते हो" म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. अजूनही फोन वाजला की घरी या वेळेला कोण आहे ते मी आधी आठवते आणि मगच उचलते.

नाना माझे सासरे. पाचोड गावी त्यांची पिठाची गिरणी होती. आठवडी बाजाराच्या दिवशी डब्यांची रांग रस्त्यापर्यंत जायची. सासूबाई गेल्या आणि पुढच्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला. ज्वारी कणीस बाहेर पडण्याआधी पोटरीतच वाळली. दळायला धान्यच येईना, तेव्हा नानांनी पट्टा काढून ठेवला, गिरणीला कुलूप लावलं आणि ते आमच्याकडे आले. आम्ही नुकतेच शहराच्या कडेच्या सातारा परिसरात फ्लॅट घेऊन राहायला गेलो होतो. चारी बाजूंनी नव्या इमारती उठत होत्या, पण नळ पोचलेला नव्हता. टँकर कधी येईल याचा नेम नसे. प्रशांत वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला, इरा चार वर्षांची, आणि मी एका सॉफ्टवेअर कंपनीत. सकाळी पाणी भरणं, स्वयंपाक, डबे, मग घरूनच ऑफिसचा नऊचा कॉल आणि त्यानंतर ऑफिस गाठणं. कॉलवर बोलताना माझं अर्धं लक्ष टँकरच्या हॉर्नकडे असायचं. शेवटी मी राजीनामा लिहून काढला आणि तो पाठवण्यापूर्वी घरात सांगितलं.

नाना म्हणाले, "कशापायी?"

"नाना, नाही होत मला दोन्हीकडचं."

"मग एकीकडचं मला दे. मी दिवसभर काय करतो इथं? भाकर शिकव."

त्यांनी आयुष्यात कधी चहासुद्धा केला नव्हता. गिरणीच्या आवाजानं कान अधू झालेले, त्यामुळे कुकरच्या शिट्ट्या त्यांना ऐकू यायच्या नाहीत. शिट्टी वर उडाली की ते बोट मोडून मोजायचे. पहिल्या भाकरीचे तव्यावर तीन तुकडे झाले. त्यांनी ते तिन्ही खाल्ले. पंधरा दिवसांत मात्र भाकर टम्म फुगायला लागली. पीठ कधीचं आहे, पाणी किती कडकडीत हवं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळायचं. शेपू, मेथी, शेंगदाण्याची चटणी, वरण हे सगळं हळूहळू जमत गेलं. पाचोडहून त्यांचे धाकटे भाऊ आले आणि परातीपुढे बसलेल्या नानांकडे बघतच राहिले. नाना न थांबता म्हणाले, "चाळीस वर्सं लोकांचं पीठ दळलं, तवा लाज नाय वाटली. आता घरचं भाजायला कशाची वाटंल?"

मी राजीनामा पाठवला नाही. पुढे टीमची प्रमुख झाले. लोक विचारायचे, कसं जमवतेस गं? मी हसून म्हणायची, आमचे नाना आहेत ना. आज ते आठवलं की मला माझंच हसू टोचतं.

इरा नऊ वर्षांची झाली त्या वर्षी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग एके दिवशी अजिबात पडलं नाही. मग कुकर करपला. मी स्वतःला समजावलं, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून झालं. प्रशांत यायच्या आत कुकर घासून चकचकीत केला. पुढच्या महिन्यात ते इराला आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. इरा हसली, मीही हसले, पण त्या दिवशी कॉलवर मला काय विचारलं गेलं ते कळलंच नाही. एक मोठं काम हातात होतं. मनात म्हणायची, हे एवढं होऊ दे, मग डॉक्टरकडे नेऊ. हे संपलं की दुसरं यायचं. रोज ऑफिसातून अकराला घरच्या मोबाइलवर फोन करायची आणि मोठ्यानं विचारायची, "नाना, गॅस बंद केला का?" ते म्हणायचे, "व्हय." आणि मी खरंच बंद आहे असं धरून चालायची. रोज सकाळी त्यांच्या शर्टाच्या खिशात माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी मात्र गुपचूप ठेवायची. याचा अर्थ काय होतो, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

परीक्षेमुळे शाळा लवकर सुटली होती त्या दिवशी घरच्या मोबाइलवरून इराचा फोन आला. "आई, नाना घरात नाहीत. दार उघडंच होतं. तवा लाल झाला होता, मी गॅस बंद केलाय." तिचा आवाज अगदी शांत होता. तिला शेजारच्या काकूंकडे बसायला सांगून मी रिक्षा पकडली. बीड बायपासला रस्ता खोदलेला, वाहनं खोळंबलेली. नानांसारख्या प्रत्येक पांढऱ्या टोपीकडे मी वाकून बघत होते. प्रशांतला कळवलं, पाचोडला फोन केला, नाना तिथं पोचले नव्हते. तासाभरानं अनोळखी नंबरवरून फोन आला. "बहनजी, यहाँ शहागंज में चक्की पे एक चाचा बैठे हैं. जेब में ये नंबर मिला."

शहराच्या जुन्या भागातल्या त्या गिरणीवर मी पोचले तेव्हा प्रशांतही वाळूजहून येऊन थडकला होता. नाना गिरणीच्या दारात पोत्यावर बसले होते आणि येणाऱ्या बायांचं पीठ चिमटीत धरून, "जरा जाड हाय, आणखी एकदा टाका," असं सांगत होते. गिरणीवाला कौतुकानं म्हणाला, "दो घंटे से काम कर रहे हैं चाचा. आटे का इतना तो मेरे को भी नई समजता." मला बघून नाना दचकले. "तू ऑफिस सोडून कशाला आलीस?"

प्रशांतच्या हातात ती चिठ्ठी होती. घड्यांवर मळलेली, माझ्या अक्षरातली. "ही कधीपासून आहे यांच्या खिशात?" त्यानं विचारलं.

"पाच-सहा महिने."

त्यानं ती घडी घालून पुन्हा नानांच्या खिशात ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी नानांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. करपलेला कुकर, चिठ्ठी, माझं गप्प राहणं. माझ्यामुळे इराला काही झालं असतं, तुम्हाला काही झालं असतं, असं म्हणत रडत राहिले. ते ऐकत होते की नाही कळेना. मग म्हणाले, "मला समजत व्हतं गं. मीठ टाकलं का नाय, हे डबीकडं बघून आठवत बसायचो. बोललो असतो तर तू नोकरी सोडली असतीस. म्हणून मीबी गप्प बसलो."

प्रशांत खिडकीपाशी उभा होता. तो तिथून येऊन आमच्याजवळ खाली बसला.

नंतर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मी टीमचं प्रमुखपद सोडलं, नोकरी नाही, आणि आठवड्यातले चार दिवस घरून काम मागून घेतलं. प्रशांतनं शिफ्ट बदलून घेतली आणि सकाळचा स्वयंपाक तो शिकला. पहिले काही महिने नाना शेजारी बसून त्याला ओरडायचे. शेवटच्या वर्षी ते बरंच विसरले. गिरणी बंद झाल्याचंही विसरले. पण परात पुढे ठेवली की हात बरोबर मळायचे.

ते गेल्यापासून मी गॅसचं बटण तीन-तीनदा बघते, खाली उतरून पुन्हा वर येते. परवा असंच झालं. उशीर झाला होता, मी डब्यात भाकर ठेवली आणि झाकण लावायला गेले, तर अकरा वर्षांच्या इरानं माझा हात धरला. "झाकण नको लावूस लगेच. नाना आधी वाफ जाऊ द्यायचे, नाहीतर भाकर ओली होते." इतकी वर्षं मी तो डबा खाल्ला. तो बंद होण्याआधी ओट्यावर थोडा वेळ उघडा असायचा, हे मला ठाऊकही नव्हतं... फोन वाजत होता. आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहिलो. वाफ जाईपर्यंत मी फोन उचलला नाही.